तापतंय कोण

सर्व्हिस सेंटरच्या टेबलामागं बसलेल्या ऋषिराजनं कीबोर्डवरचे हात उचलले, खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "काकू, रागावणार नसाल तर एक विचारू? वय काय तुमचं?"

"एकोणपन्नास. का?"

"नाही, म्हणजे माझ्या आईलाही गेल्या वर्षापासून होतंय. एकदम अंगातनं वाफा निघतात, घाम फुटतो. पंखा लावला तरी थांबत नाही. या वयात बायकांना होतंच." त्यानं काचेपलीकडं उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडं हात केला. "एसी आम्ही तीनदा तपासला. बर्फासारखी हवा येतेय. उष्णता गाडीत नाही, काकू."

मग ती कुठं आहे, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलताना मंगलला दिसले.

मंगल साताऱ्याच्या एसटी स्टँडबाहेर टॅक्सी लावायची. अकरा वर्षं झाली होती. मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर, उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसाला दोन खेपा. स्टँडवर ती एकटीच बाई. पहिल्या वर्षी तिच्या गाडीच्या चाकातली हवा चार वेळा गेली होती. पाचव्या वेळी तिनं पंप आणून सगळ्यांसमोर स्वतः हवा भरली, आणि भरता भरता एकेकाचं नाव घेऊन आया-बहिणींची चौकशी केली. त्यानंतर हवा कधी गेली नाही. अशा बाईला कुणी गप्प बसवणं सोपं नव्हतं. पण त्या दिवशी ती गप्प बसली. ऋषिराजनं पुढं केलेला कागद घेतला आणि बाहेर आली.

गाडीत बसल्यावर तिनं कागद उघडला. ती दहावी पास होती, इंग्रजी अक्षर लावून वाचायची. तीन ओळी होत्या. 'कस्टमर फील्स हॉट. एज रिलेटेड. नो प्रॉब्लेम फाउंड.'

मधली ओळ तिनं दोनदा वाचली. तिचं वय त्यांनी गाडीच्या कागदावर लिहिलं होतं.

राग तर आलाच. पण रागापेक्षा एक गोष्ट जास्त टोचत होती. ऋषिराज खोटं बोलत नव्हता. दिवाळीपासून तिला तसं होत होतं. भाकरी थापताना, कधी पहाटे अंथरुणात, मानेपासून कानापर्यंत जाळ चढायचा, पोलकं भिजायचं आणि जसा आला तसा तो जाळ निघून जायचा. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या पोरानं अंधारात दगड मारला आणि तो नेमका लागला.

तिचा नवरा नाथाजी एसटीत ड्रायव्हर होता, फलटणच्या गाडीवर. गाडी चालवायला तिला त्यानंच शिकवलं होतं. रात्री जेवताना तिनं कागद त्याच्यापुढं टाकला.

"आवं, बघा काय लिवलंय."

त्यानं वाचलं. बराच वेळ घास चावत राहिला. मग म्हणाला, "एकदा डाक्टरला दाखवून यायला काय हरकत हाय?"

"मला, का गाडीला?"

"दोघींना," नाथाजी म्हणाला. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

तरी ती डॉक्टरीणबाईंकडं गेली. लपवायचं काही नाही असं ठरवूनच गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही वाफ कुठंही येते, सावलीत येते, झोपेत येते, आणि चार-पाच मिनिटांत ओसरते. मंगलला तेवढंच पाहिजे होतं. गाडीतली उष्णता पाच मिनिटांत ओसरत नव्हती. एकदा सुरू झाली की महाबळेश्वर येईपर्यंत जात नव्हती.

की तिला तसं वाटत होतं? हे ठरवायचं कसं?

महाबळेश्वरच्या बाजारात एक स्ट्रॉबेरीवाला तिच्या ओळखीचा होता. फळांच्या थंड पेट्यांत तो वायरवाला थर्मामीटर ठेवायचा. वायरीचं टोक पेटीत आणि आकडा बाहेर. तसे दोन तिनं त्याच्याकडून मागून घेतले. एकाचं टोक एसीच्या जाळीत खोचलं, दुसऱ्याचं सीटमागं डोक्यापाशी बांधलं. मग शंभर पानी वही घेतली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं, 'मी'. उजवीकडं लिहिलं, 'गाडी'.

पंधरा दिवस ती लिहीत राहिली. 'पहाटे पाच, घरी, चार मिनिटं' हे डावीकडं. 'दुपारी एक, स्टँड, गाडी बंद, पाच मिनिटं' हेही डावीकडं. 'केळघर घाट, अर्ध्या वाटेपासून शेवटपर्यंत' हे उजवीकडं. 'परत उतरताना काही नाही' तेही उजवीकडं. गाडी दिवसभर उन्हात तापवून बघितली, दारं उघडून दहा मिनिटं चालवली, तर आतली हवा गार झाली. दुसऱ्या दिवशी गाडी झाडाखाली ठेवली आणि सहा माणसं भरून घाट चढली. निम्म्या घाटात पोटऱ्या भाजायला लागल्या. एसीच्या जाळीवर आकडा नऊ. डोक्यापाशी अठ्ठावीस. आकडे म्हणत होते सगळं ठीक आहे. पाय म्हणत होते नाही.

पुढच्या सीटवर बसलेला पुण्याचा प्रवासी म्हणाला, "मॅडम, एसी जरा वाढवा ना."

"तुमाला बी गरम व्हतंय?" मंगलनं इतक्या आनंदानं विचारलं की तो माणूस गोंधळून खिडकीबाहेर बघायला लागला.

तिनं वहीत लिहिलं. पण ऋषिराज काय म्हणेल ते तिला माहीत होतं. प्रवासी काय, कुरकुरतातच.

नेमकं त्याच आठवड्यात सासूला सांगलीला न्यायचं निघालं. हरणाबाई आटपाडीकडं वाडीवर राहायची. सत्तरी ओलांडली होती. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता मंगलच्या दिराच्या डाळिंबाच्या बागेत बसून असायची. सांगलीत डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते दाखवायचं होतं. मंगल सकाळी वाडीवर गेली, म्हातारीला पुढच्या सीटवर बसवलं. हरणाबाईनं बसल्या बसल्या वहाणा काढल्या आणि सीटखाली सारल्या. तिला वहाणा घालून गाडीत बसणं पटायचं नाही. ज्यात बसून जायचं त्याला पाय लावायचा, तर तो निदान स्वच्छ असावा, असं तिचं म्हणणं.

भिवघाट मागं पडला, तासगावचे द्राक्षांचे मळे लागले, आणि म्हातारीनं एक पाय उचलून मांडीवर घेतला. थोड्या वेळानं दुसरा.

"मंगल, खाली चूल पेटीवलीस काय गं?"

मंगलचा पाय ब्रेकवर गेला. तिनं गाडी रस्त्याकडेला घेतली. "आत्या, काय म्हनलासा?"

"जिमीन तापलीया की. वरनं गार वारं येतंय आन खालनं आच लागतीया." हरणाबाईनं वाकून हात टेकवला आणि हळूहळू मधल्या उंचवट्याकडं नेला, जिथं गिअरची दांडी होती. "हितं बघ. हितं जास्त. दाराकडं न्हाई." तिनं सुनेकडं बघितलं. "अशी काय बघतीस? उभ्या जल्मात मी जिमिनीवर झोपली. कुठं ऊन मुरलंय आन कुठं इस्तव इझलाय, पाठीला बी कळतं आन पायाला बी."

अकरा वर्षं मंगल बूट घालून गाडी चालवत होती. तिनं बूट काढले, मोजे काढले आणि उघडा पाय गालिच्यावर ठेवला. लगेच वर घेतला.

पंधरा दिवस तिनं थर्मामीटर डोक्यापाशी टांगला होता, कारण उष्णता म्हटली की माणूस डोक्याकडं बघतो. तिनं वायर सोडली आणि टोक गिअरच्या दांडीशेजारी गालिच्याखाली सारलं. सांगलीत पोचेपर्यंत आकडा चढत राहिला. हळदीच्या गोदामांजवळ सिग्नलला थांबली तेव्हा बावन्न. एसीच्या जाळीवर नऊ.

"आत्या," मंगल म्हणाली, "तुमचं डोळं ऱ्हाऊ द्यात, पाय सलामत पायजेत."

हरणाबाईला काही कळलं नाही, पण सून बऱ्याच दिवसांनी हसतेय हे कळलं.

चार दिवसांनी शिरवळच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरला सोडायची खेप मिळाली. संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. शिरवळला हायवेच्या कडेला धोंडिरामचं गॅरेज होतं. फौजेत बावीस वर्षं ट्रक दुरुस्त करून आलेला माणूस. बोलायचा कमी. त्याच्याकडं जमिनीत खणलेला खड्डा होता. वर गाडी उभी करायची आणि खाली उतरून पोट बघायचं. मंगलनं त्याला आधी काही सांगितलं नाही. वही दिली.

त्यानं चष्मा लावून पानं उलटली. 'मी' या रकान्यावर बोट थांबलं. वर बघितलं.

"ते माजं सोताचं हाय," मंगल म्हणाली. "वायलं काढायला लिवलंय."

धोंडिराम हसला नाही. "सही किया," म्हणाला. "फौजेत यालाच रिपोर्ट म्हनत्यात. कवापासनं सुरू झालं?"

"संक्रांतीनंतर."

"त्याच्या आधी काय काम केलं गाडीचं?"

मंगलनं आठवलं. जानेवारीच्या शेवटी क्लचप्लेट बदलली होती. त्याच सर्व्हिस सेंटरला.

"मग चला खाली," धोंडिराम म्हणाला. खड्ड्यात तिलाही उतरवलं. टॉर्च वर धरला. धुराचा पाइप इंजिनाकडून मागं गेला होता. मध्ये एक फुगलेला डबा होता, धूर साफ करणारा.

"गाडी चढाला लागली, वजन वाढलं, की ह्यो डबा भट्टीगत तापतो. म्हनून ह्याच्या आन गाडीच्या तळाच्या मधी एक पत्रा असतो, चकचकीत. हीट शील्ड म्हनत्यात. आच वर जाऊ देत न्हाई." त्यानं टॉर्च हलवला. "कुठं हाय पत्रा?"

पत्रा नव्हता. डब्याच्या वर गाडीचा तळ उघडा होता, आणि त्यावरचा काळा लेप फोड आल्यासारखा उठला होता.

"रस्त्यात पडला असंल?"

"पडला असता तर बोल्टाशी पत्र्याचा तुकडा ऱ्हायला असता. न्हाईतर बोल्ट तुटलं असतं. बघा." चार बोल्ट होते, चारही घट्ट. "क्लच काढताना गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, तवा पाइप बी काढत्यात, पत्रा बी. परत जोडताना पाइप जोडला, बोल्ट आवळलं, आन पत्रा कोपऱ्यात ऱ्हायला." मग त्यानं टॉर्च जरा बाजूला नेला आणि त्याचा आवाज बदलला. "ह्ये बघितलं का?"

वायरींचा एक जुडगा तिथून मागं गेला होता. त्याचं वरचं प्लास्टिक वितळून खाली थेंबासारखं लोंबत होतं. आतली तांब्याची तार एका ठिकाणी दिसत होती.

गेल्या अडीच महिन्यांत तिनं त्या तारेवर किती माणसं बसवून घाट चढवली होती, ते तिच्या डोळ्यापुढून गेलं. मागच्या सीटवर झोपलेली पोरं, उलटी येते म्हणून खिडकीशी बसलेली नवी नवरी, ऑपरेशन झालेली तिची सासू. आणि त्या सगळ्याला कागदावर नाव काय दिलं होतं? तिचं वय.

"मी पत्रा करून बसवीन," धोंडिराम म्हणाला. "पन बसवला की पुरावा गेला. तुमी म्हनाल तसं."

"नका बसवू. वायर तेवढी बघा."

त्यानं वायर दुरुस्त करून लांब सरकवली, बांधली, वरून जाड पट्टी गुंडाळली. फोटो काढून दिले. "आता आग लागायचं भ्या न्हाई. पन पत्रा बसंपर्यंत प्रवासी घेऊ नका."

इंजिनिअरला तिनं दुसऱ्या ओळखीच्या गाडीनं परत पाठवलं आणि खंबाटकीचा घाट ओलांडून एकटीच साताऱ्याला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती सर्व्हिस सेंटरच्या दारात होती. गाडी तिनं रांगेत लावली नाही. आत जायच्या चढणीवर आडवी लावली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली पोलक्यात ठेवली.

मॅनेजर लालासाहेब धावत आले. मागं ऋषिराज. "अहो ताई, रस्ता अडतोय!"

"अडू द्या. माजं वय झालंय, वळवाय जमत न्हाई."

आत नेऊन खुर्ची दिली, चहा मागवला. मंगलनं फोटो दाखवले. लालासाहेब फोटो मोठे करून बघत राहिले. ऋषिराज म्हणाला, "पत्रा रस्त्यात कुठंतरी पडला असेल. तुम्ही बाहेरच्या गॅरेजला दाखवलंत, तिथंही काढला असू शकतो."

"चार बोल्ट हायत आन चारी आवळल्यात. मोकळा बोल्ट कोन आवळंल? रस्ता?"

"बरं, आपण पत्रा बसवून देऊ," लालासाहेब मध्ये पडले. "आजच. तुम्हाला काही तोशीस नाही. विषय संपला."

"न्हाई संपला. त्यो कागद बदलायचा. माजं वय खोडायचं, आन खरं काय झालं ते लिवायचं."

लालासाहेबांनी मान हलवली. "ते कॉम्प्युटरमध्ये गेलंय, ताई. एकदा बंद झालेलं उघडत नाही. आणि लिहून काय होणार?"

मंगल उत्तर द्यायला गेली आणि नेमकी तेव्हाच ती वाफ आली. मानेवरून वर, कानामागं, कपाळावर. तोंड लालबुंद झालं, घाम ओघळायला लागला. ऋषिराजनं लालासाहेबांकडं बघितलं. ती नजर पुरेशी होती.

एरवी तिनं पदर ओढून तोंड फिरवलं असतं. आज तिनं फिरवलं नाही.

"बघून घ्या," ती म्हणाली. "ही माजी. दिवाळीपासनं येती. घड्याळ लावा. पाच मिंटात जाईल." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वही टेबलावर आपटली. "ह्या रकान्यात माजी हाय, ह्या रकान्यात गाडीची. मला दोन्हीतला फरक कळतोय. तुमी शिकल्यालं, तुमाला का कळला न्हाई? तीनदा गाडी आनली, एकदा तरी कुनी खाली वाकून बघितलं? माज्या तोंडाकडं बघून निदान केलं तुमी."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. चौथ्या मिनिटाला तिचा चेहरा निवला.

"गेली," ती म्हणाली. "आता गाडीची बघू. चला ऋषिराज. यवतेश्वरचा घाट दहा मिंटावर हाय."

"मी? मला इथं काम..."

"जा," लालासाहेब म्हणाले.

गाडीत बसल्यावर मंगल म्हणाली, "बूट काढा."

"कशाला?"

"माजी सासू काढती, तुमी का न्हाई? मोजं बी काढा. पाय खाली टेकवून बसा."

समर्थ मंदिराकडून वर निघाली. एसी पूर्ण सोडला होता. पहिल्या दोन वळणांना ऋषिराज आरामात होता, मोबाइल बघत होता. मंगलनं गिअर खाली ठेवला आणि गाडी जोरात घेतली. खाली साताऱ्याची घरं लहान होत गेली. पाचव्या वळणाला त्यानं मोबाइल खिशात घातला. त्यानंतर एक पाय दुसऱ्यावर ठेवला.

"खाली," मंगल म्हणाली.

त्यानं ठेवला. अजून दोन वळणं कशीबशी काढली. मग दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, लहान पोरासारखे. आकडा अठ्ठावन्न होता. त्यानंच वाचला, तिनं विचारलं नव्हतं.

वर सपाटीला तिनं गाडी थांबवली. तो उतरून गवतावर उभा राहिला. पावलं लाल झाली होती.

"काकू," तो म्हणाला आणि अडला. "मला खरंच वाटलं होतं..."

"तुमाला वाटलं त्ये मला ठावं हाय. आईला बी असंच म्हनत असशीला, व्हय का?"

त्यानं मान खाली घातली. मंगलला त्याची दया आली नाही असं नाही. पण दया आली म्हणून तिनं कागद सोडला नाही. परत आल्यावर बंद झालेलं काम उघडता येत नाही म्हणणारा कॉम्प्युटर पंधरा मिनिटांत उघडला. ऋषिराजनं स्वतः लिहिलं. क्लचच्या कामात हीट शील्ड परत बसवलं गेलं नाही, त्यामुळं तळ तापला आणि वायर वितळली. ग्राहकाची तक्रार पहिल्या दिवसापासून खरी होती. शेवटचं वाक्य मंगलनं मराठीत लिहायला लावलं आणि खाली लालासाहेबांची सही घेतली.

उठताना तिनं विचारलं, "त्याच हातानं अजून किती क्लच केल्यात?"

लालासाहेबांना हा प्रश्न नको होता. पण घाटावरून आल्यावर तिनं गाडी परत चढणीवर आडवीच लावली होती आणि किल्ली परत पोलक्यात. त्यांनी यादी काढली. जानेवारी ते मार्च, तिची सोडून नऊ गाड्या. तिच्यादेखत एकेकाला फोन लावले. त्या नऊपैकी दोन गाड्यांत पत्रा नव्हता.

ते तिला आठवड्यानं कळलं. मेढ्याला प्रवासी चहा पीत होते, गाडी नीट झाली होती, आणि ती टायर बघत होती, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मंगलताई का? मी कोरेगावहून बोलतोय. अमृत गुरुजी म्हणतात मला. नंबर त्या मॅनेजरकडनं भांडून घेतला." आवाज म्हातारा पण खणखणीत होता. "मला मधुमेह आहे. दोन महिने झाले, गाडीत बसलो की पायाची आग व्हायची. सगळे म्हणाले, साखरेनं पाय जळतायत. मुलानं किल्ली काढून घेतली माझ्याकडनं. म्हणे, बाबा, आता तुमचं चालवणं पुरे."

"मग आता?"

"काल पत्रा बसवला. आज स्वतः चालवत रहिमतपूरला जाऊन आलो. पाय गार!" गुरुजी थोडं थांबले. "मुलाला मागच्या सीटवर बसवलं होतं."

मंगल एवढ्या मोठ्यानं हसली की चहाच्या टपरीवरचे प्रवासी वळून बघायला लागले.